डासाच्या पोटातले बारा दिवस

नवरात्राची पाचवी माळ होती. पाऊस ओसरला होता, पण कोयनेच्या खोऱ्यातली ओल अजून हटलेली नव्हती. दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना वरच्या वाडीतली एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला पाठुंगळी घेऊन आली. मुलगा गोधडीत गुंडाळलेला, तरी दातांवर दात वाजत होते. दोन दिवसांपूर्वी असाच थंडी वाजून ताप आला, घाम येऊन उतरला. काल पोरगा अंगणात खेळला. आज पुन्हा हुडहुडी भरली.

बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला. दुसऱ्या दिवशी निकाल आला : हिवताप, म्हणजे मलेरिया, जात व्हायवॅक्स. निकाल ऐकून ती माउली माझ्याकडे पाहतच राहिली.

“डॉक्टरसाहेब, मलेरिया तर मुंबईचा रोग. माझं पोरगं कराडच्या पुढं कधी गेलं न्हाई. ह्याला कुठनं आला?”

वाचकहो, प्रश्न साधा होता, पण असा प्रश्न विचारणारे रोगी फार थोडे भेटतात. ताप आला, औषध द्या, उतरला की झाले, एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते. आजचा लेख त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे.

पाहुणा कोण आला होता?

मी तिला उलट विचारले, “गणपतीला घरी कोण आले होते?”

पाटण तालुक्यातल्या बहुतेक वाड्यांचा एक पाय गावात आणि एक पाय मुंबईत असतो. कुणी माथाडी, कुणी बाजारात, कुणी गोदीत. गणपतीला आणि गावच्या यात्रेला मुंबईकर घरी येतात. या घरचाही धाकटा दीर चतुर्थीच्या दोन दिवस आधी आला होता. येताना अंगात कणकण होतीच. जून महिन्यात मुंबईत त्याला मलेरिया झाला होता. तेव्हा तीन दिवसांच्या गोळ्या त्याने नीट घेतल्या. पुढे चौदा दिवस रोज घ्यायच्या म्हणून दिलेल्या गोळ्यांपैकी चार-पाच घेतल्या आणि बाकीची पाकिटे खुंटीवरच्या पिशवीत राहिली. ताप गेला होता, मग गोळ्या कशाला? ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही.

आता माझी चूक. मी माझी जुनी वही उघडली. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी हाच दीर माझ्याकडे येऊन गेला होता. दवाखान्यात गर्दी, बाहेर पाऊस, प्रत्येकाला बाजार उरकून घर गाठायची घाई. मी त्याला तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या दिल्या. “मुंबईत मलेरिया झाला होता का?” हे विचारले नाही आणि रक्तही घेतले नाही. एक थेंब रक्त काचपट्टीवर घ्यायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे मी वाचवली. त्याची किंमत एका लहान मुलाने मोजली, आणि पुढे कळले की त्याने एकट्याने मोजली नाही.

पण काकाच्या रक्तातला जंतू पुतण्याच्या रक्तात गेला कसा? दोघे एका ताटात जेवले म्हणून नव्हे, एका गोधडीत झोपले म्हणूनही नव्हे. मधे एक तिसरे घर आहे. ते घर म्हणजे डासाचे पोट.

गांडुळापासून डासापर्यंत

कॉलेजात प्राणिशास्त्राच्या तासाला आम्ही गांडूळ चिरत असू. सर त्याच्या शुक्राशयातला पांढरा द्रव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत. त्यात मोनोसिस्टिस नावाचे, एकाच पेशीचे शरीर असलेले जीव असत. गांडुळाच्या अंगात राहायचे, तिथेच खायचे, तिथेच वाढायचे. झुरळाच्या आतड्यातही असेच भाडेकरू सापडतात. पाठीला कणा नसलेल्या किडामुंगीच्या पोटात अशा एकपेशीय परोपजीवींचे एक मोठे राज्यच नांदत असते, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

यातले बरेचसे माणसाच्या वाटेला जात नाहीत. काही मात्र आडून दणका देतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधला रेशमाचा धंदा रेशीमकिड्याच्या अशाच एका रोगाने बुडायला आला होता. लुई पाश्चर यांनी १८६५ पासून पाच वर्षे त्यावर काम केले. अंडी घातलेली मादी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, तिच्यात जंतू दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करायची, हा त्यांनी दाखवलेला मार्ग आपल्या देशातील रेशीम बीजकेंद्रे आजही वापरतात. त्याच कुळातला नोसेमा नावाचा जीव मधमाशीच्या आतड्यात राहतो. शास्त्रज्ञ आता या कुळाला बुरशीच्या जवळचे मानतात.

हिवतापाचा जंतू प्लाझमोडियम हा मात्र त्या गांडुळातल्या आणि झुरळातल्या भाडेकरूंचा दूरचा भाऊबंद. फरक एवढाच, की याने दोन घरे केली आहेत : एक डासाचे आणि एक आपले.

सिकंदराबादची काचपट्टी

माणसाच्या रक्तात हा जंतू प्रथम पाहिला तो फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान यांनी, १८८० साली अल्जेरियात. पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे कोडे पुढे सतरा वर्षे सुटले नाही. ‘मलेरिया’ या शब्दाचाच मूळ इटालियन अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीची हवा बाधते, असा समज होता.

कोडे सुटले ते आपल्या देशात. अल्मोड्याला जन्मलेले रोनाल्ड रॉस हे लष्करी डॉक्टर सिकंदराबादला होते. १६ ऑगस्ट १८९७ रोजी त्यांनी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला डास चावू दिले. प्रत्येक चावऱ्या डासामागे त्याला एक आणा मिळत असे. त्यानंतर रॉस एकेक डास चिरून तपासू लागले. ऑगस्टचा उकाडा, पण पंखा लावायची सोय नाही, कारण वाऱ्याने चिरलेले डास उडून जात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. २० ऑगस्टला ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीवर त्यांना काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास चिरला, तर त्याच पेशी आकाराने वाढलेल्या! म्हणजे डासाच्या पोटात काहीतरी जिवंत होते आणि ते वाढत होते. पुढच्या वर्षी कलकत्त्याला पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून त्यांनी जंतूचा डासाच्या लाळग्रंथीपर्यंतचा प्रवास दाखवला. माणसाच्या मलेरियाचा तोच प्रवास इटलीतील ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९८ मध्ये सिद्ध केला. रॉस यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळला जातो तो याचसाठी.

लग्न डासाच्या पोटात

हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात जंतूंची दोन रूपे असतात. पहिले रूप तांबड्या पेशी फोडून आपल्याला थंडी-ताप आणते. दुसरे रूप ताप आणत नाही. ते नर आणि मादी असे असते आणि रक्तात निमूटपणे वाट पाहत राहते. कशाची? तर ॲनॉफिलीस जातीच्या डासाच्या मादीची. अंड्यांसाठी रक्त लागते ते मादीलाच; नर डास फुलांच्या रसावर जगतो.

मादीने रक्त ओढले की हे नर-मादी जंतू तिच्या पोटात जातात. आपल्या रक्ताचे ३७ अंशांचे ऊबदार घर सोडून डासाच्या थंड पोटात पडताच ते जागे होतात. दहा-पंधरा मिनिटांत नर जंतूतून चाबकाच्या दोरीसारखे बारीक धागे बाहेर पडतात आणि त्यातला एखादा मादी जंतूला गाठतो. आपल्या अंगात या जंतूचे लग्न कधीच लागत नाही; ते लागते डासाच्या पोटात. म्हणून प्राणिशास्त्राच्या पुस्तकात या जंतूचा मुख्य यजमान डास हाच मानलेला आहे. आपण दुय्यम.

या मीलनातून तयार झालेला जीव सुमारे एका दिवसात डासाच्या जठराची भिंत पार करतो आणि बाहेरच्या बाजूला फोडासारखा चिकटून बसतो. हेच रॉस यांनी पाहिले. त्या फोडात हजारो नवे, सुईसारखे जंतू तयार होतात. फोड फुटला की ते डासाच्या अंगभर पसरतात आणि लाळग्रंथीत जमतात. आता ती मादी चावली की लाळेबरोबर जंतू आपल्या अंगात उतरतात आणि थोड्याच वेळात यकृत गाठतात.

या सगळ्याला किती दिवस लागतात? ते हवेवर अवलंबून. व्हायवॅक्स जातीला २५ अंश तापमानात सुमारे १० दिवस लागतात, २० अंशांत १९ दिवसांच्या आसपास. तापमान १६ अंशांखाली गेले तर जंतूची वाढ जवळजवळ थांबते. फाल्सिपेरम या घातक जातीला याहून थोडे जास्त दिवस आणि जास्त ऊब लागते. म्हणून ऐन थंडीत आपल्या खोऱ्यात हिवताप पसरत नाही, आणि गणपती ते दिवाळी हा काळ मात्र त्याला मानवतो. वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा आपला मुलूख. मुसळधार पावसात ओढे वाहून जातात, अळ्याही वाहून जातात. पाऊस ओसरला की ओढ्याच्या कडेला संथ, स्वच्छ पाणी उरते. ॲनॉफिलीसला असेच पाणी लागते.

आता त्या बाईच्या प्रश्नाचा हिशेब मांडू. दीर आल्यापासून मुलाला ताप येईपर्यंत साधारण एक महिना गेला. पहिल्या चार-पाच दिवसांत त्याला डास चावला असणार. पुढे डासाच्या पोटात सुमारे बारा दिवस. मग मुलाच्या अंगात, यकृतात वाढून रक्तात उतरेपर्यंत आणखी दोन आठवडे. बेरीज बरोबर जुळते. काका मुंबईला परत गेला होता, विसर्जन झाले होते, आरास उतरली होती. त्याने आणलेला पाहुणा मात्र घराच्या भिंतीवर मुक्कामाला होता.

म्हातारा डासच वाईट

याच बारा दिवसांत आपल्याला एक मोठी संधी मिळते.

नुकत्याच जन्मलेल्या डासात हिवतापाचा जंतू नसतो. डासाला आधी एखाद्या रोग्याला चावावे लागते, मग दहा-बारा दिवस जगावे लागते, मगच तो दुसऱ्याला रोग देऊ शकतो. डासाचे आयुष्य ते किती? समजा, रोज शंभरातले दहा डास मरतात. तर दहा दिवसांनी पस्तीस उरतील. हवा थंड असून जंतूला एकोणीस दिवस लागले तर तेरा-चौदाच उरतील. आणि आपण काही उपाय करून रोज शंभरातले तीस डास मरतील असे केले, तर दहा दिवसांनी उरतील जेमतेम तीन! सगळे डास मारायची गरज नाही. डासाला म्हातारा होऊ दिला नाही की पुरे. हे गणित जॉर्ज मॅक्डोनल्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात मांडले.

वयस्कर वाचकांना घरोघरी येणारे फवारणीवाले आठवत असतील. भिंतीवर डीडीटी मारून, दारावर तारीख लिहून ते पुढे जात. कित्येक घरांत नव्याने सारवलेली भिंत खराब होते म्हणून त्यांना परत पाठवत. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर विसाव्याला बसते आणि तिथेच औषध तिला गाठते, हे कुणी समजावून सांगितले नाही. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. मग डास औषधाला दाद देईनात, जंतू गोळ्यांना जुमानेनात आणि आपण सगळेच गाफील राहिलो. १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. त्यानंतर तो पुष्कळ खाली आला आहे आणि २०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करण्याचे उद्दिष्ट आहे. पण आपल्या राज्यात गडचिरोलीच्या जंगलात आणि मुंबईच्या वस्त्यांत हा रोग टिकून आहे, आणि मुंबई आपल्यापासून एका रात्रीच्या एस.टी. इतकीच दूर आहे.

डासासाठी घ्यायची गोळी

हिवतापात प्रिमाक्वीन नावाची एक गोळी दिली जाते. लोक नेमकी तीच टाकून देतात, कारण ताप उतरवण्याचे काम दुसऱ्या गोळ्यांनी आधीच केलेले असते.

फाल्सिपेरमच्या रोग्याला मुख्य औषधाबरोबर प्रिमाक्वीनचा एकच डोस देतात. त्याने रोग्याचा ताप उतरत नाही. रक्तात वाट पाहत बसलेले ते नर-मादी जंतू त्याने मरतात. म्हणजे यापुढे डास चावला तरी त्याच्या पोटात काही जात नाही. ही गोळी आपण शेजाऱ्याच्या मुलासाठी घेतो, असे म्हटले तरी चालेल.

व्हायवॅक्समध्ये हीच गोळी चौदा दिवस द्यावी लागते. या जातीचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विनला ते दाद देत नाहीत. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी ते जागे होतात आणि पुन्हा ताप, पुन्हा रक्तात जंतू, पुन्हा डास. आमच्या दिराचे हेच झाले होते. मुंबईत अर्धवट सोडलेल्या नऊ-दहा गोळ्या कोयनेत येऊन भोवल्या.

मात्र ही गोळी मनाने घ्यायची नाही. गरोदर बाईला आणि तान्ह्या मुलाला ती चालत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. काही लोकांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचा घटक जन्मतःच कमी असतो; त्यांना या गोळीने त्रास होतो. गोळी चालू असताना लघवी काळपट किंवा लाल झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली तर ती तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. गोळी जेवणानंतर घ्यावी.

त्या घरी पुढे काय झाले?

मुलाचा निकाल आला त्याच दिवशी आरोग्य केंद्रातील आरोग्यसेवक वाडीत गेले आणि घरटी रक्ताचे नमुने घेतले. आणखी दोघांच्या रक्तात जंतू सापडले. एक शेजारचे म्हातारे बाबा. दुसरी त्या दिराचीच बायको, सहा महिन्यांची गरोदर. तिला ताप फारसा नव्हता, नुसता थकवा. “दिवस गेलेत म्हणून दमते,” असे सगळे म्हणत होते.

गरोदरपणातला हिवताप वाईट. रक्त कमी होते, बाळाचे वजन घटते, कधी गर्भ दगावतो. तिला प्रिमाक्वीन देता येत नव्हते. क्लोरोक्विन दिले, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, बाळंतपणापर्यंत वरचेवर रक्त तपासले. ते तीन महिने मी तिच्या सासूपेक्षा कमी काळजीत नव्हतो. पौषात तिला मुलगी झाली. वजनाने जरा कमी, पण रडणे खणखणीत.

निरोप मिळताच दीर मुंबईहून आला होता. माझ्यासमोर खाली मान घालून बसला. मी म्हणालो, “बाबा रे, तू गोळ्या सोडल्यास आणि मी रक्त घेतले नाही. दोघांचे सारखेच चुकले. आता चौदा दिवस मोजायचे.” त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारली आणि चौदाव्या दिवशी ते पान फाडून मला दाखवायला आणले. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात एक नियम आहे : ताप घेऊन आलेला माणूस बाहेरगावाहून आलेला असो वा नसो, काचपट्टी आधी, गोळी मागून.

एवढे लक्षात ठेवा

• थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि औषध मोफत मिळते. आशाताईंकडेही तपासणीचे किट असते.

• मुंबईहून किंवा बाहेरच्या कामावरून आलेल्या माणसाला ताप असेल तर तो कुठून आला आहे, पूर्वी मलेरिया झाला होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. डॉक्टर विसरला तरी तुम्ही विसरू नका.

• ताप गेला तरी दिलेल्या सगळ्या गोळ्या संपवा. चौदा म्हणजे चौदा.

• तापाच्या रोग्याला मच्छरदाणीत झोपवा. मच्छरदाणी रोग्याला डासापासून वाचवते, तशीच डासाला रोग्यापासून दूर ठेवते. ॲनॉफिलीस संध्याकाळ ते पहाट चावतो.

• गुंगी, फिट, पिवळे डोळे, सतत उलट्या किंवा लघवी कमी होणे, ही घातक मलेरियाची लक्षणे आहेत. रात्र काढू नका, दवाखाना गाठा.

• अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, टाकी, रांजण पूर्ण रिकामे करून घासून कोरडे करा. विहिरीत आणि साठलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडा.

• फवारणीवाले आले तर त्यांना परत पाठवू नका, आणि पुढे काही महिने त्या भिंती सारवू किंवा रंगवू नका.

यंदाही गणपतीला मुंबईकर येतील. त्यांचे स्वागत ओवाळून करा, गोडधोड करा. फक्त अंगाला हात लावून पाहा. गरम लागले तर आरतीआधी दवाखान्यात आणा. मी त्या दिवशी दवाखाना उशिरापर्यंत उघडा ठेवतो.